एका नमुन्याला एकच तपासणी

मुरघासाच्या खड्ड्यावर एकवीस टायर होते. ट्रकचे जुने, गुळगुळीत झालेले, गॅरेजवाल्याने फुकट दिलेले. रोज सकाळी त्यातले सहा बाजूला लोटायचे, प्लास्टिकचा कागद हातभर मागे सारायचा, आतला दाबलेला मका फावड्याने वरून खाली सरळ कापायचा, पाच गायींच्या पाच टोपल्या भरायच्या, कागद पुन्हा ओढायचा आणि सहाचे सहा टायर होते तिथे ठेवायचे. आत हवा जाता कामा नये, पाणी जाता कामा नये. तरच तो आंबूस-गोड वासाचा चारा वर्षभर टिकतो. हे काम माझं होतं. कुणी दिलं नव्हतं, मी मागून घेतलं होतं.

सून म्हणायची, "आत्याबाई, राहू द्या. टायर जड आहेत. मी दूध घालून आले की करते."

"जड? अगं, मी तुझ्या वयाची असताना एका हाताने बैलगाडीचं चाक काढायचे आणि दुसऱ्या हाताने पोर झोपवायचे."

"आणि तोंडाने?"

"तोंडाने तुझ्या सासऱ्याला शिव्या द्यायचे. तो गाडीखाली असायचा."

ती हसायची. हसली की चरवी कमरेवर घेऊन तशीच उभी राहायची, पुढची थाप ऐकायला. आमच्या विहिरीतला बेडूक पोहऱ्यात बसून वर येतो आणि पाण्याचा भाव विचारून परत जातो, हे मी तिला लग्नाच्या पहिल्या वर्षी सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी पोहरा ओढताना ती वाकून बघत होती. मी खिडकीतून बघत होते.

घरात आम्ही दोघीच. माझा लेक लांबच्या शहरात क्रेन चालवतो, चार-चार महिने येत नाही. गायी सुनेच्या. माहेरून एक कालवड घेऊन आली होती, तिच्या पाच केल्या. त्या पाचांवर घर चालायचं, आणि तिचा मानही. दूधकेंद्रावर बाप्ये रांगेत उभे असले तरी मापारी तिची किटली आधी घ्यायचा. म्हणायचा, "हिच्या दुधात बोट घालून बघायची गरज नाही."

त्या वर्षी थंडीत, कुणी न बोलावता, पाऊस आला. त्याच्या आदल्या दिवशी चौथा टायर परत ठेवताना माझी कंबर धरली. अशी धरली की अर्धी वाकलेली मी, ना खाली ना वर. कशीबशी सरळ झाले. दोन टायर राहिले होते. ते मी ढकलत नेऊन कोपऱ्याला टेकवून ठेवले. लांबून बघितलं तर सगळे जागेवर आहेत असं वाटावं. सुनेला हाक मारायची सोडून मी हे केलं, कारण एकदा हाक मारली की दुसऱ्या दिवसापासून काम गेलं. मग मी दिवसभर काय करणार? ओसरीवर बसून माशा मोजणार?

वारा सुटला, कागद उडाला, तीन दिवस पाणी आत गेलं.

चौथ्या दिवशी कागद सारला तर कोपऱ्यातला चारा हाताला कोमट लागला. वर काळपट चिकचिक, खाली निळसर-पांढरी लव. वास म्हणजे ओलं फडकं बादलीत विसरल्यासारखा. काळं होतं तेवढं मी खरवडलं, उकिरड्यावर टाकलं, वरून दोन पाट्या शेण ओतलं. बाकीचं चांगल्या चाऱ्यात मिसळून दिलं. महिन्याभरात हा कोपरा संपेल, मग कुणाला काय कळतंय.

गायींनी खाल्लं. गाय बोलून दाखवत नाही.

सोळा-सतरा दिवसांनी मोरी गाय धारेला उभी राहीना. सून तिला पुढे घ्यायची, ती डावीकडे वळायची. सरळ चालवली की डावीकडे. तिचा एक कान लोंबत होता, एका बाजूचा ओठ सुटला होता आणि तोंडातून लाळेची तार जमिनीपर्यंत. गालात चाऱ्याचा बोळा अडकून गाल फुगला होता.

"हिला गिळता येत नाहीये," सून म्हणाली आणि कोपरापर्यंत हात घालून तिने तो बोळा बाहेर काढला. हात लाळेने माखला, तो तिने पदराला पुसला.

दुपारी डॉक्टरीणबाई आल्या. सरकारी दवाखान्याच्या. त्यांच्याकडे चाळीस गावं आणि एक स्कूटर. हेल्मेट न काढताच त्या गोठ्याच्या दाराशी थांबल्या, मोरीला बघत राहिल्या. मोरी खुंट्याभोवती फिरत होती. दोर गुंडाळत गुंडाळत डोकं खुंट्याला टेकलं की थांबायची आणि कपाळ दाबून उभी राहायची.

"कुत्रं-बित्रं चावलं होतं का हिला?"

"नाही बाई. मी तरी नाही बघितलं," सून म्हणाली.

"चारा बदललात? मुरघास कसा निघतोय? कुठे बुरशी?"

"मुरघास आत्याबाई बघतात."

दोघी माझ्याकडे वळल्या. डॉक्टरीणबाईंचं एक पाऊल खड्ड्याच्या वाटेला पडलं होतं. तिथून चाळीस पावलांवर तो कोपरा.

आणि माझ्या तोंडातून कोल्हा निघाला.

"मुरघास चांगला आहे हो. पण मी सांगणारच होते. पंधराएक दिवस झाले, पहाटे बाहेर गेले होते, तर गोठ्यातून कोल्हा निघाला. शेपूट अशी खाली, मान वाकडी, तोंडाला फेस. माझ्याकडे बघितलं आणि बघतच राहिला. कोल्हा असा माणसाकडे बघतो का कधी?"

डॉक्टरीणबाईंनी पाऊल मागे घेतलं.

"आणि हे तुम्ही आज सांगताय?"

"म्हातारीचं कोण खरं मानतंय?" मी म्हटलं. हे मात्र बरोबर बोलले होते.

त्यांनी सुनेकडे बघितलं. "हात घातलास तिच्या तोंडात?"

सुनेने पदराखाली हात लपवला. लहान मुलीसारखा.

मग जे व्हायचं ते सुरू झालं. मोरीजवळ जायचं नाही. पाणी लांबून ढकलायचं. पिसाळली असेल तर औषध नाही, वाट बघायची. दोघींनी आजच्या आज माणसांच्या दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घ्यायचं, महिन्याभरात पाच. नर्सने सुनेचा दंड धरला तेव्हा सून माझ्याकडे बघून म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही नका बघू, तुम्हाला चक्कर येईल." मग माझी पाळी आली. कोल्हा नव्हताच हे घरात मला एकटीलाच ठाऊक, आणि मी त्या नसलेल्या कोल्ह्यासाठी बाही वर केली.

गावाने कोल्हा डोक्यावर घेतला. काठ्या, बॅटऱ्या, शिट्ट्या. गॅरेजवाल्याने तर तो बघितलाच. म्हणाला, "वासराएवढा होता." दुसऱ्याने सांगितलं त्याला एकच डोळा आहे. माझ्या कोल्ह्याला दोन होते, पण मी काही बोलले नाही. एरवी माझी थाप कुणी वाढवली की मला केवढा आनंद व्हायचा. चार दिवस ऐकून ऐकून मलाच तो दिसायला लागला. वाटायचं, असेलही एखादा. उकिरड्यावरचं शेण ढवळायला कोण जातंय. मी रोज तिथलाच चारा काढत होते. कोपरा संपत आला होता.

केंद्रावर मापाऱ्याने किटलीचं झाकण काठीने उचललं आणि काठीनेच परत टाकलं.

"वहिनी, राग नको. जनावर पिसाळलंय त्या घरचं दूध घेता येत नाही. कागद आण, तपासणीचा. मग बघू."

"बाकीच्या चौघी चांगल्या आहेत, भाऊ."

"मला माहितीये गं. पण टाकी सगळ्या गावाची."

मागे रांग होती. सून किटली घेऊन त्या रांगेच्या कडेने परत आली. वाटेत तिला कुणी अडवलं नाही, सगळे जरा जरा बाजूला सरले. घरी आल्यावर तिने दूध बांधावर ओतलं. मुंग्या येईपर्यंत तिथेच उभी होती.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी मोरी पडली. फिरून फिरून तिने चिखलात थाळीसारखा गोल पाडला होता, त्या गोलातच पाय झाडत गेली. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी रबरी हातमोजे घालून तिचं डोकं वेगळं केलं. मासेवालीकडून आणलेल्या थर्माकोलच्या खोक्यात बर्फात ठेवलं, चिकटपट्टीने सात वेढे मारले.

"दवाखान्याची गाडी डिझेलविना उभी आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हालाच न्यावं लागेल. सकाळच्या पहिल्या बसने. बर्फ वितळायच्या आत."

सून ते खोकं मांडीवर घेऊन बसली. मी शेजारी. कंडक्टरने विचारलं, "काय आहे यात?"

"कलिंगड," मी म्हटलं. "अर्ध्या जिल्ह्यात नाही एवढं गोड."

एरवी सुनेने तोंडावर पदर घेतला असता. ती खिडकीबाहेर बघत राहिली. खोक्याच्या तळाने तिचं लुगडं मांडीवर ओलं होत होतं.

प्रयोगशाळा म्हणजे चार खोल्यांची बैठी इमारत. पाटी मोठी होती. आत एकच माणूस. तो तपासनीस, तोच कारकून, तोच कुलूप उघडणारा. स्वेटरच्या कोपराला वेगळ्या रंगाचं ठिगळ. एका टेबलावर कपाटाएवढं यंत्र होतं, आलं तेव्हाचा प्लास्टिकचा कागद अजून त्याच्या अंगावर. त्या कागदावर कुणीतरी बोटाने फुली काढली होती.

"हे चालत नाही?" सुनेने विचारलं.

"चालतं की. त्यात घालायची द्रव्यं नाहीत. यंत्राला निधी आला, द्रव्यांना आला नाही. फ्रीजही बंद आहे, दुरुस्तीचा कागद वर गेलाय." त्याने खोकं हातात घेतलं, बाळ घ्यावं तसं खालून धरून. "ताई, आधी एक गोष्ट सांगतो. नवा आदेश आहे, एका नमुन्याला एकच तपासणी. आणि पिसाळ तपासायचा संचही माझ्याकडे एकच उरलाय. एक तर मी तो वापरतो, दोन दिवसांत सांगतो. नाहीतर चाऱ्यातून येणारा एक जंतू असतो, त्यानेही जनावर असंच गोल फिरतं, अशीच लाळ गळते. तो वाढवून बघतो. दोन्ही करता येणार नाहीत. उरलेलं ठेवायला थंड जागा नाही, ते मला जाळावं लागतं."

"मग कोणती करायची?"

"ते घरच्यांच्या सांगण्यावर. डॉक्टरीणबाईंनी लिहिलंय, कोल्हा बघितला." त्याने चष्म्यावरून बघितलं. "कुणी बघितला?"

सून माझ्याकडे वळली आणि थांबली. माझी खात्री आहे, तेव्हा तिला काहीही माहीत नव्हतं. ती फक्त माझी वाट बघत होती.

खोलीत भिंतीवरचं घड्याळ चालू होतं. खोक्यातून पाणी टपकत होतं, त्याने त्याखाली वाटी सरकवली. सांगायला किती लागलं असतं? कोपरा उघडा राहिला, पाणी गेलं, मी लपवलं. एवढंच. बेडकाच्या थापेला याच्या दसपट शब्द लागतात.

"मी बघितला," मी म्हटलं. "अगदी इथून त्या दाराइतका जवळ होता."

त्याने लिहून घेतलं.

दोन दिवसांनी सकाळी फोन आला. सूनबाई धार काढता काढता उठली, फोन कानाला, आणि ओरडली, "आत्याबाई! पिसाळ नाही! नाही म्हणतायत!" एवढी मोकळी हसली. तिच्या अंगातून नऊ दिवसांचं ओझं निघताना मी बघितलं. तेवढ्यात आतून दावणीचा आवाज आला. चांदणी गाय डावीकडे वळत होती. आणि तिच्या पलीकडे वाकडी नावाची गाय, जी सात महिन्यांची गाभण होती, मान खाली घालून तोंडातला चारा तसाच धरून उभी होती.

फोन डॉक्टरीणबाईंचाच होता, त्यांना ते ऐकू गेलं असावं. "मग काय आहे हे?" सून विचारत होती. "दुसरी तपासणी करा ना! ... जाळलं? सगळं? ... मुख्य प्रयोगशाळेत? तीन आठवडे?"

मी खड्ड्याकडे गेले. टायर लोटले, सगळे, हाताला येतील तसे. शेवटचा कोपरा उरला होता, घमेलंभर. मूठ भरून आणली आणि सुनेपुढे तळहात उघडला.

"कोल्हा नव्हता," मी म्हटलं.

तिने माझ्या हाताचा वास घेतला. मग मुठीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं बोलेल. शिव्या दिल्या असत्या तर मी त्या मोजून घेतल्या असत्या. ती गोठ्यात गेली आणि गायींच्या तोंडापुढून मुरघास दोन्ही हातांनी ओढून काढू लागली. गायी मान पुढे करत होत्या, ती त्यांना छातीने मागे सारत होती.

डॉक्टरीणबाई अर्ध्या तासात आल्या. चौघींना इंजेक्शनं टोचली. सिरिंज भरताना त्यांचे हात भराभर चालत होते.

"आजी, पहिल्या दिवशी कळलं असतं तर हेच औषध मोरीला दिलं असतं. साधं औषध आहे. स्कूटरच्या डिकीत होतं."

"मीही खड्डा बघायला हवा होता," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

चांदणी त्याच दिवशी गेली. वाकडी वाचली, पण तिने गर्भ टाकला. तो सुनेने पोत्यात गुंडाळून खोल खड्ड्यात पुरला. मला फावडं धरू दिलं नाही. पुढच्या तीन दिवसांत तिने आणखी एक काम केलं. तोच जंतू दुधातूनही जातो, कच्चं दूध प्यायलं तर म्हाताऱ्यांना आणि पोटुशी बाईला धोका, असं तपासनिसाने फोनवर सांगितलं होतं. ज्या सात घरांना ती उसनं-पासनं दूध द्यायची त्या सातही दारांत गेली. दार उघडलं की म्हणायची, "आमच्या चाऱ्यात खोट होती. दूध उकळलं होतंत ना?" आमच्या म्हणायची. आत्याबाईंच्या नाही म्हणाली. त्यातल्या शिंपिणीच्या लेकीला सातवा महिना होता, आणि तिला धारोष्ण दूध आवडायचं. तिला पुढे काही झालं नाही. पण ती बाळंत होईपर्यंत शिंपिणीच्या घराकडून कुणी येताना दिसलं की मी ओसरीवरून उठून आत जायचे.

केंद्राने दूध घेतलं ते दीड महिन्याने, मुख्य प्रयोगशाळेचा चांदणीचा कागद आल्यावर. चाऱ्यातला जंतूच निघाला. मापाऱ्याने किटली घेतली, रांगेतल्या नंबराने. झाकण उघडून त्याने दुधाचा वास घेतला, आणि सुनेने मान खाली घातली.

घरात भांडण नाही झालं. जेवताना ती मला आधी वाढायची, माझ्या कमरेला तेल लावून द्यायची. खड्ड्याचं काम तिने घेतलं. मी गायींपुढे नुसती टोपली ठेवायला गेले तरी मागून येऊन एक मूठ उचलायची, नाकाशी न्यायची, परत टाकायची. मुद्दाम नाही. हाताला सवय लागली होती. आणि मी काही सांगायला लागले, साधं बाजारातलं, तर ती विचारायची, "असं खरंच झालं?" पूर्वी कधी विचारलं नव्हतं. मग हळूहळू मी सांगणंच कमी केलं.

उन्हाळा लागला तेव्हा तो तपासनीस घरी आला. स्वेटर नव्हता, शर्टाची कॉलर उसवलेली. ओसरीवर बसला, कागद काढला.

"निधीचा प्रस्ताव पाठवतोय वर. नुसते आकडे कुणी वाचत नाही म्हणे. एका घराची हकीकत जोडा म्हणतात. आजी, तुम्ही सांगा, मी लिहितो. जसं झालं तसं."

मी सांगितलं. मुरघासात पाणी गेलं. गाय आजारी पडली. प्रयोगशाळेत एकच तपासणी झाली, दुसरी झाली नाही. तोवर बाकीच्यांनी तोच चारा खाल्ला. दोन गायी गेल्या, एक गर्भ गेला. आयुष्यात एवढी लहान गोष्ट मी कधी सांगितली नव्हती.

"बस?" त्याने विचारलं.

"बस."

सून दारात उभी होती, चाऱ्याची कुट्टी लागलेले हात चौकटीला टेकून.

"कोल्हा राहिला," ती म्हणाली.

त्याचं पेन थांबलं. मग माझ्या तोंडून सगळं आलं. दोन टायर, उकिरड्यावरचं शेण, कोल्ह्याची मान, त्याच्या टेबलापुढे दुसऱ्यांदा बोललेलं खोटं. तो ऐकत होता आणि लिहीत नव्हता.

"ताई, हे राहू दे," तो शेवटी म्हणाला. "हे लिहिलं तर वर म्हणतील, चूक घरच्यांची आहे, प्रयोगशाळेला पैसे कशाला? मला द्रव्यं हवीत. फ्रीज हवाय."

"लिहा तुम्ही."

"अहो, पण…"

"माणसं खोटं बोलणारच की," सून म्हणाली. आवाज चढला नव्हता. "घाबरून बोलतील, लाजून बोलतील. गाय तर बोलतच नाही. दोन तपासण्या झाल्या असत्या तर आत्याबाईंना कुणी विचारलं असतं? चांदणी उभी असती आज. हे लिहा. असंच लिहा."

तो बराच वेळ लिहीत बसला. मग मी म्हटलं, वाचून दाखव. त्याने वाचलं. सरकारी भाषेत होतं, त्यात मोरी नव्हती, चांदणी नव्हती, "बाधित जनावरे" होती. मधे एक ओळ आली: "घरातील वृद्ध महिलेने चुकीची माहिती दिली."

"काही बदलू का, आजी?"

"चुकीची नको," मी म्हटलं. "खोटी लिही."

त्याने सुनेकडे बघितलं. मग एक शब्द खोडला, वर दुसरा लिहिला, आणि मी खाली सही केली. सही करताना वाऱ्याने कागद उडू लागला, तर सुनेने वाकून कागदाचं टोक धरलं. सही होईपर्यंत धरून ठेवलं. मग ती धारेला गेली.